चार तासांचा रस्ता दहा दिवसांत: तुलूझ ते मार्सेय

प्रश्न पुण्याच्या एका गृहस्थांचा आहे. सप्टेंबरच्या मध्यावर पत्नी आणि आईला घेऊन ते तुलूझला भाच्याकडे येणार, तिथून भाड्याच्या गाडीने मार्सेयला जाणार आणि परतीचं विमान पकडणार. मोबाइलमधला नकाशा चारशे किलोमीटर, चार तास असं सांगतो. पत्नीला मात्र हेच अंतर दहा दिवसांत, खेड्यापाड्यांतून कापायचंय. ते विचारतात, 'तिथे बघण्यासारखं एवढं आहे काय? उजव्या बाजूने गाडी चालवणं मला जमेल का? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचं काय?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: वहिनींचं ऐका.

मी सतरा वर्षं तुलूझमध्ये राहतोय. या काळात घरी जो पाहुणा आला त्याला गाडीत घालून याच बाजूला नेलं आहे. सासू-सासरे, मावशा, ऑफिसातल्या मित्रांचे आईवडील, एकदा तर शेजाऱ्यांच्या सोसायटीतले चौघे. सुरुवातीला मीही टोलच्या हायवेनेच न्यायचो. त्या हायवेवर एक गंमत आहे. दर थोड्या अंतरावर तपकिरी रंगाची मोठी पाटी येते, तिच्यावर किल्ल्याचं, पुलाचं नाहीतर द्राक्षमळ्याचं चित्र असतं. म्हणजे आपण ताशी १३० किलोमीटरने काय काय मागे टाकतोय त्याची यादीच. एका मावशीने तिसऱ्या पाटीनंतर विचारलं, 'अरे, ही चित्रं खरी कुठे दिसतात?' तेव्हापासून मी हायवे सोडला.

तिथले रस्ते नावावरून ओळखायचे. 'ए' म्हणजे टोलचा हायवे, 'एन' म्हणजे राष्ट्रीय रस्ता, आणि 'डी' म्हणजे जिल्ह्याचा. तुम्हाला हवे आहेत ते डी. २००६ मध्ये सरकारने बरेच जुने राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले, त्यामुळे आज जो डी आहे तो कधीकाळचा राजमार्गही असू शकतो. कडेला पिवळ्या डोक्याचा मैलाचा दगड दिसला की समजायचं, आपण बरोबर रस्त्यावर आहोत. मिशलँचा कागदी नकाशा जरूर विकत घ्या. त्यात काही रस्त्यांना हिरवी किनार असते, तिचा अर्थ 'हा रस्ता देखणा आहे'. सतरा वर्षांत त्या हिरव्या किनारीने मला एकदाही फसवलेलं नाही. मोबाइलला नुसतं 'टोल टाळा' सांगून भागत नाही, आणि 'सर्वांत जवळचा रस्ता' सांगितलंत तर तो कुणाच्या तरी बांधावरून नेईल. मधली तीन-चार गावं हाताने टाका आणि त्यांच्या मागे जा.

दिवसाला १२० ते १५० किलोमीटर, त्याहून जास्त नको. पुण्यात बसून हे हास्यास्पद वाटेल. पण वळणं, उतरून बघणं, चुकणं आणि जेवण धरलं की तेवढ्यात दिवस संपतो. यातलं जेवण मी सर्वांत वर ठेवतो, कारण दक्षिण फ्रान्सच्या खेड्यातला दिवस बारा वाजण्याभोवती फिरतो. साडेबाराच्या आत दुकानांची दारं ओढली जातात. ती तीन वाजता उघडली तरी नशीब. खानावळीत बारा ते दीड या वेळात बसलात तर तुमचं स्वागत, दोननंतर गेलात तर कुणी तुम्हाला ओळखतही नाही. पहिल्या वर्षी मी सासू-सासऱ्यांना घेऊन आवेरों जिल्ह्यातल्या एका गावात दोन वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. खानावळीचा मालक फडक्याला हात पुसत दारात आला, शांतपणे म्हणाला 'से फिनी', संपलं, आणि आत गेला. गावातला पेट्रोलपंपही बिनमाणसाचा, नुसता कार्ड घालायचा. त्या दिवशी आम्ही चौघांनी गाडीत बसून उरलेली शंकरपाळी खाल्ली. सासरे ती गोष्ट अजून लग्नकार्यात सांगतात.

तर साडेअकराला ठरवायचं की जेवायचं कुठे. चौकात खडूने लिहिलेली फळी बघायची. तिच्यावर 'प्ला द्यु झूर' म्हणजे आजचा पदार्थ लिहिलेला असतो. बाहेर व्हॅन आणि ट्रॅक्टर उभे असतील तर आत शिरा. आत शिरताना 'बोंझूर' म्हणायलाच हवं. ते न म्हणता थेट टेबल मागितलंत तर कुणी भांडणार नाही, पण जेवण थंड येईल. भांडंभर साधं पाणी फुकट मिळतं, मागावं लागतं. आणि दीड तास जाऊ द्यावा. शेजारच्या टेबलावरचा प्लंबर काय खातोय, पोस्टमनबाई कुणाला हसतायत, हे त्या दीड तासात दिसतं. मला विचाराल तर सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत चांगलं दृश्य असतं आणि ते कुठल्याच पाटीवर नसतं.

आता तुमच्या आईंचं. सोपं नाही, पण उपासमारही नाही. खेड्यातल्या स्वयंपाक्याच्या लेखी 'शाकाहारी' हा शब्द जरा धूसर आहे. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पडलेले असतात आणि ते त्याला मांस वाटत नाहीत. म्हणून 'सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों' असं म्हणा: मांस नको, मासे नको, आणि ते तुकडेही नकोत. आवेरोंमध्ये 'अलिगो' मिळतो. उकडलेला बटाटा ताज्या चीजबरोबर इतका घोटतात की त्याचे हातभर लांब तार निघतात. तो बहुतेक वेळा मांसाबरोबर वाढतात, नुसताही मागता येतो. माझ्या आईने त्याला 'फ्रेंच पिठलं' असं नाव दिलं होतं. प्रॉव्हान्स प्रांतात रातातुई आणि तियाँ हे भाज्यांचे पदार्थ, शिवाय भाज्यांचं तुळशीच्या वाटणातलं सूप. मात्र ऑलिव्हच्या 'तापनाद' चटणीत बहुधा खारवलेला मासा असतो, ती टाळा. चीजबद्दल आधीच सांगून ठेवा: पारंपरिक फ्रेंच चीज जनावराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. काही आज्यांना हे कळल्यावर चालतं, काहींना नाही.

रात्रीसाठी निदान निम्मे दिवस 'जीत' घ्या, म्हणजे स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर. कुकर नेला तरी चालेल, मी नेतो. पण तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. युरोपियन संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. मेतकूट, भाजणी, लाडू (तुपाचे नव्हे) यांना कुणी हरकत घेत नाही. उरलेल्या रात्री 'शांब्र दोत' म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या खोलीत राहा. कायद्याने तिथे जास्तीत जास्त पाच खोल्या असतात, त्यामुळे सकाळी घरमालकीण स्वतः अंजिराचा मुरंबा वाढते आणि रस्त्याबद्दल नकाशाला माहीत नसलेलं काहीतरी सांगते.

गाडी चालवण्याची भीती दोन दिवसांत जाते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो, आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. भाच्याला शेजारी बसवून पहिल्या सकाळी तुलूझबाहेर तासभर हात बसवा. उजव्या बाजूने चालवणं अवघड जात नाही. अवघड जातो तो दांडा: आपल्याकडे ज्या हाताला इंडिकेटर त्या हाताला तिथे वायपर, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक वळणाला तुम्ही कोरडी काच पुसाल. सगळेच पुसतात. आतल्या रस्त्यांवर जुलै २०१८ पासून वेगमर्यादा ८० आहे, काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ती परत ९० केली. गावाच्या नावाची लाल किनारीची पाटी आली की लगेच ५०, वेगळी सूचना मिळत नाही. तेच नाव लाल रेघेने खोडलेलं दिसलं की गाव संपलं. २०२३ च्या शरदात तार्न जिल्ह्यातल्या तरुण शेतकऱ्यांनी निषेध म्हणून या पाट्या उलट्या लावायला सुरुवात केली आणि ते लोण देशभर पसरलं. कुठे अजून उलटी पाटी दिसली तर मान वाकडी करून वाचा.

खरा धोका एकच आहे, उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. गावात चौकाला काही खूण नसेल तर उजव्या बोळातून येणारी गाडी आधी जाते, मग तो बोळ गोठ्यातून का निघत असेना. रस्त्यावर टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर हक्क तुमचा. तीच पाटी खोडलेली दिसली की तो संपला. मी हे शिकलो ते दोन कोठारांच्या मधून निघालेल्या एका पांढऱ्या व्हॅनमुळे. मला वाटलं तो थांबेल, त्याला माहीत होतं मी थांबायचं आहे. माझा मडगार्ड दबला, चूक माझीच. तिथे अशा वेळी दोघांनी मिळून एक छापील कागद भरायचा असतो, त्याचं नावच 'सामोपचाराचा पंचनामा' अशा अर्थाचं आहे. सत्तरीचा तो शेतकरी माझ्या बॉनेटवर कागद ठेवून पट्टीने आखावं तसा चौक काढत होता. मध्येच त्याने घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी होते. पुढचं चित्र त्याने फार भराभर पूर्ण केलं.

आता वाट. तुलूझ सोडून ईशान्येला आल्बी. इथलं तांबूस विटांचं सेंत-सेसिल कॅथेड्रल बाहेरून गढीसारखं दिसतं, आत गेल्यावर भिंतीचा एक वीतभरही भाग रंगवायचा सोडलेला नाही. चित्रकार तुलूझ-लोत्रेक इथे १८६४ मध्ये जन्मला, त्याचं संग्रहालय शेजारीच आहे. पण मी पाहुण्यांना आल्बीत सांगतो ती गोष्ट नीळेची. पंधराव्या-सोळाव्या शतकात या टापूत 'पास्तेल' नावाची वनस्पती पिकायची. तिची पानं ठेचून गोळे वळायचे, ते वाळवून त्यातून निळा रंग काढायचे. त्या गोळ्यांना 'कोकाञ' म्हणत, आणि 'कोकाञचा मुलूख' म्हणजे दूधमधाच्या नद्यांचा देश हा फ्रेंच शब्द या सुबत्तेवरूनच आला असं इथले लोक सांगतात. तुलूझमधले व्यापाऱ्यांचे जे वाडे भाचा तुम्हाला दाखवील ते या पैशाचे. मग समुद्रमार्गाने आपल्याकडची नीळ येऊ लागली, जास्त रंग देणारी. भरीला फ्रान्समधल्या धर्मयुद्धांनी शेती आणि व्यापार नासला. धंदा बसला तो बसलाच. हे सांगितल्यावर एका काकांनी त्या कॅथेड्रलकडे पाहून उगाचच 'सॉरी' म्हटलं होतं.

आल्बीहून डी ९९९ धरा. हा माझा सर्वांत लाडका रस्ता, शंभरेक किलोमीटर, मियोपर्यंत. टेकड्यांच्या पाठीवरून चालतो, दोन्ही बाजूंना कुरणं, मधूनच प्लातानच्या झाडांची कमान. प्लातान म्हणजे आपल्या काश्मीरच्या चिनाराच्या कुळातलं झाड, सालीचे पापुद्रे गळून खोड ठिपकेदार होतं. गावोगावच्या चौकात तेच झाड, खाली बाक, त्यावर म्हातारे आणि समोर पेतांक या खेळाचे लोखंडी गोळे. आपल्या पाराची आठवण न येणं अशक्य. एक वाईट बातमीही आहे. एका बुरशीने ही झाडं मरताहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली असं मानतात. २००६ मध्ये ती द्यु मिदी कालव्यावर पोहोचली. कालव्याकाठच्या ४२ हजार झाडांपैकी बरीचशी तोडावी लागली आणि तोड अजून चालू आहे. म्हणून रस्त्यावर कमान लागली की गाडी हळू करा.

वाटेत सें-सेर्नँ लागेल. १८०० च्या जानेवारीत जंगलात एकटाच वाढलेला मुलगा सापडला तो याच गावात. लोक त्याला 'आवेरोंचा व्हिक्तोर' म्हणून ओळखतात. तिथे कॉफी प्या आणि पुढे निघा. रोकफोरला मात्र थांबा. कोंबालू डोंगराचा कडा पुरातन काळी कोसळला, त्या ढिगाऱ्यात भेगा राहिल्या, त्यांतून गार दमट वारा वाहतो आणि त्या वाऱ्यावर निळ्या बुरशीचं चीज मुरतं. लाकोन जातीच्या मेंढीचं कच्चं दूध, आणि मुरवणं याच गावच्या गुहांत. १९२५ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. आई खाणार नाहीत, पण गुहेतला तो गार वारा अंगावर घेऊ द्या.

मियोचा पूल तुम्ही फोटोत पाहिलाच असेल. डिसेंबर २००४ मध्ये खुला झाला, २,४६० मीटर लांब, सर्वांत उंच टोक ३४३ मीटरवर. त्याच्या आधी उन्हाळ्यात मियो गावात तासन् तास गाड्या तुंबायच्या. बहुतेक लोक टोल भरून पुलावरून जातात आणि पूल सोडून सगळं बघतात. तुम्ही खालून बघा. पेर नावाचं कड्याला चिकटलेलं गाव आहे, तिथून संध्याकाळी.

मियोला दोन रात्री राहा, कारण दक्षिणेला लार्झाकचं पठार आहे आणि त्यावर अर्धा दिवस घालवायला हवा. अशा चुनखडीच्या पठारांना तिकडे 'कोस' म्हणतात, उच्चार आपल्या कोसासारखाच, आणि तुडवायलाही तेवढेच लांब वाटतात. कोकणातले सडे पाहिले असतील तर चटकन ओळख पटेल: वर पाणी नाही, खुरटं गवत, दगड, आणि आभाळ प्रमाणाबाहेर मोठं. दगड फक्त जांभा नाही, पांढुरका. १९७१ मध्ये सरकारने इथली लष्करी छावणी तीन हजार हेक्टरवरून सतरा हजारांवर नेण्याची घोषणा केली. जमीन जाणार होती मेंढपाळांची. १०३ शेतकऱ्यांनी जमीन विकायची नाही अशी शपथ घेतली, आणि १९७२ मध्ये मेंढ्या थेट आयफेल टॉवरखाली नेऊन सोडल्या. दहा वर्षं लढा चालला. १९८१ मध्ये मित्तेराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि योजना रद्द झाली.

यात आपल्याला जवळचं काय? लढ्याच्या सुरुवातीला, १९७२ च्या वसंतात, ला काव्हालरी गावात एका पांढऱ्या दाढीच्या माणसाने पंधरा दिवसांचा उपवास केला आणि शेतकऱ्यांना अहिंसेची वाट धरायला लावली. त्याचं नाव लांझा देल व्हास्तो. मूळचा इटलीचा, १९३६ च्या अखेरीस हिंदुस्थानात आलेला, वर्ध्याला गांधीजींपाशी राहिलेला. गांधीजींनी त्याला 'शांतिदास' असं नाव दिलं होतं. म्हणजे वर्ध्यात उचललेलं बी या उजाड सड्यावर रुजलं. माझ्या वडिलांना मी ला काव्हालरीच्या तटाजवळ हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'फोटो काढ, पण माझा नको, त्या मेंढ्यांचा काढ.'

मियोहून तार्न नदीच्या घळीतून वर. डी ९०७ नदीच्या कडेकडेने जातो, दोन्ही बाजूंना चार-पाचशे मीटरचे कडे, मधूनच खडकातून कोरलेले छोटे बोगदे. ला मालेनला नावाडी अजून होडीतून नेतात, आईंना ते आवडेल, आणि चढउतारही नाही. सेंत-एनिमीहून मेजाँच्या कोसावर चढा. वर साधारण हजार मीटरची उंची, आणि मैलोन् मैल माणूस नाही. हूरजवळ रस्त्यावरूनच प्रझेवाल्स्कीचे रानटी घोडे दिसतात, १९९३ मध्ये इथे आणून वाढवलेले. शेजारच्या झोंत नदीच्या घळीवर गिधाडं घिरट्या घालतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती इथून नाहीशी झाली होती. १९८१ पासून पुन्हा सोडली आणि ती टिकली. मेलेल्या मेंढ्या शेतकरी त्यांच्यासाठी ठेवतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडं मारून आपल्या गावाबाहेरचं आभाळ रिकामं केलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांनी इथे दुर्बीण आणावीच.

फ्लोराकहून सें-झाँ-द्यु-गारपर्यंतच्या, सेव्हेन नावाच्या डोंगरांच्या कड्यावरच्या रस्त्याला जवळपास पन्नास किलोमीटर आहेत आणि दोन तास लागतात. आपला वरंधा घाट चालवला असेल त्याला इथे काही नवं नाही, फक्त समोरचा हॉर्न न वाजवता येतो. १७०२ नंतर कामिसार म्हणवणाऱ्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांचं बंड मोडायला चौदाव्या लुईच्या फौजा याच धारेवरून फिरल्या. खाली उतारांवर चेस्टनटची झाडं, त्यांना तिथे 'भाकरीचं झाड' म्हणतात, कारण गरिबाचं पोट त्याच्या पिठावर भरायचं. तुतीला म्हणत 'सोन्याचं झाड', रेशीमकिड्यांमुळे. किड्यांना रोग पडला तेव्हा १८६५ मध्ये पाश्चर आलेसला येऊन बसला होता. रेशीम गेलं. मोठ्या खिडक्यांची उंच दगडी घरं तेवढी उरली.

सेव्हेनबद्दल एक सूचना गांभीर्याने घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात भूमध्य समुद्रावरचे ढग या डोंगरांना अडून काही तासांत भयंकर पाऊस पाडतात. सप्टेंबर २००२ मध्ये आंद्यूझच्या परिसरात चोवीस तासांत ६०० मिलिमीटरच्या वर पडला. २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा म्हणजे कल्पना येईल. हवामानखात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशी घरात पत्ते खेळा. रस्ता जिथे ओढ्याच्या पातळीला उतरतो तिथे पाणी घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालू नका. मी एकदा आलेसजवळ पूर्ण दिवस अडकलो होतो, दुसऱ्या सकाळी तोच ओढा चुळका भरायलाही पुरला नसता.

आंद्यूझहून युझेस. सुंदर, श्रीमंत, जरा नटलेलं गाव. बुधवारी किंवा शनिवारी गेलात तर बाजार. पाँ द्यु गार हा रोमन पूल तिथून जवळ आहे. पन्नास किलोमीटर लांबीच्या पाटातून नीमला पाणी न्यायचं म्हणून बांधलेला, जवळजवळ ४९ मीटर उंच, आणि मोठे दगड चुन्याशिवाय नुसते बसवलेले. सकाळी नऊच्या आत पोहोचा.

रोन नदी ओलांडली की प्रॉव्हान्स. इथे मी थोडा कंजूषपणा करतो. गोर्द फार प्रसिद्ध आहे आणि फार भरलेलं असतं. लांबून, वळणावरून बघा आणि पुढे चला. लॅव्हेंडरही सप्टेंबरात नाही. व्हालाँसोलला जुलैत कापणी होते, सोच्या उंचीवर ऑगस्टमध्ये. तुमच्या वाट्याला कापलेल्या खुंटांच्या करड्या रांगा येतील. हे आधी सांगून टाका, नाहीतर जांभळ्या फोटोंची आशा धरून वहिनी रुसतील. त्याबदली द्राक्षतोड चालू असेल. द्राक्षांनी भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर पुढे पंचवीसच्या वेगाने चाललेला असतो. मागे राहा, घाई करू नका, आंबूस-गोड वास गाडीत येऊ द्या.

आप्तहून बोन्यूच्या बाजूने लूबेरोंचा डोंगर ओलांडा आणि डी ९४३ च्या खिंडीतून लूरमारँला उतरा. नोबेलच्या पैशातून लेखक आल्बेर काम्यूने १९५८ मध्ये इथे घर घेतलं. ४ जानेवारी १९६० रोजी इथून पॅरिसला निघालेला असताना वाटेत गाडी झाडावर आदळून तो गेला. खिशात आगगाडीचं न वापरलेलं तिकीट सापडलं. गावाच्या स्मशानात साधा दगड आहे, त्यावर रोजमेरी वाढलेली. मला ते स्मशान किल्ल्यापेक्षा जास्त आवडतं.

बाजारात फुलाफुलांचे, पिवळे-निळे टेबलक्लॉथ दिसतील आणि विकणारा 'अस्सल प्रॉव्हान्स' म्हणेल. तिथल्या भाषेत त्या कापडाला 'अँदिएन' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी. सतराव्या शतकात आपली चिटं मार्सेयला उतरली आणि इतकी खपली की रेशीम-लोकर विणणाऱ्यांना वाचवायला फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांवर बंदी घातली. ती १७५९ मध्ये उठली. त्यामुळे घासाघीस करायचा तुम्हाला थोडा जास्त हक्क आहे असं मी मानतो. विक्रेते मानत नाहीत.

व्हेर्दाँची घळ मी या दहा दिवसांत घालणार नाही. फार देखणी आहे, पण दोन दिवस खाते आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या ज्येष्ठांना ती वळणं सोसत नाहीत. तार्नची घळ पाहून झालेलीच आहे.

पेट्रोलचं लक्षात ठेवा: डिझेलला 'गाझ्वाल' म्हणतात, रविवारी पंपावर माणूस नसतो आणि काही यंत्रं परदेशी कार्ड नाकारतात. टाकी अर्धी झाली की भरा, शनिवारी तर नक्कीच. मार्सेयमध्ये गाडी चालवायचा हट्ट करू नका, विमानतळावर परत द्या आणि बसने शहरात या. संध्याकाळी बंदरावर आईंना घेऊन जा. ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी उडी घेतली ती याच बंदरात. किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना परत ब्रिटिशांच्या हवाली केलं, आणि ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. आजचं बंदर पुष्कळ बदललेलं आहे, पण पाणी बघितल्यावर शाळेत ऐकलेलं अंतर पहिल्यांदा डोळ्यांना कळतं.

शेवटची अडचण वारांची. सें-झाँ-द्यु-गारचा बाजार मंगळवारी, लूरमारँचा शुक्रवारी, आप्तचा शनिवारी, ईल-सुर-ला-सोर्गचा रविवारी. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी एरवी बंद असणारे वाडे आणि जुन्या इमारती लोकांसाठी उघडतात, तेही या दिवसांतच येईल. विमानाच्या तारखा नक्की झाल्या की कळवा. रविवार कुठे पडतोय ते पाहून गावांचा क्रम मागेपुढे करू.